रोज कामाला जायला माउंटन सायकल: पैसे स्प्रिंगमध्ये नको, चाकांत घाला

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. घरापासून कामाची जागा नऊ किलोमीटर, तेवढंच परत. निम्मा रस्ता बरा, निम्मा उखडलेला, मध्ये एक लांब चढ. पाठीवर लॅपटॉपची बॅग. हातात पैसे मोजके. दुकानात एकाच किमतीच्या दोन माउंटन सायकली पाहून ठेवल्या आहेत. पहिलीला पुढे आणि मागे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि २१ गिअर. दुसरीचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) साधा, म्हणजे सस्पेन्शन नाहीच. ब्रेक रिमला धरणारे व्ही-ब्रेक आणि गिअर फक्त ८. तेवढ्याच पैशात पहिलीत इतकं जास्त मिळतंय, तर दुसरी कुणी का घ्यावी, हा तुमचा प्रश्न.

दुसरी घ्या.

मी गेली बावीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय आणि रोज कामाला सायकलनेच जातोय, त्या अनुभवावरून सांगतो. पहिल्या सायकलीत जास्त काही मिळत नाहीये. किंमत तेवढीच आहे आणि त्यातच कारखान्याने मागचा शॉक, त्याचे सांधे, स्प्रिंगचा चिमटा, दोन डिस्क, त्यांना चिमटीत धरणारे दोन कॅलिपर आणि पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) बसवलाय. हा खर्च कुठून तरी भरून काढलेला असणार. तो भरून निघतो डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांतून: हबमधले, म्हणजे चाकाच्या मध्यातले, छर्रे आणि कोन, मागचा एक्सल (चाक ज्यावर फिरतं ती कांडी), रिम, आरे, टायर, क्रँक (पेडलच्या दांड्या) जिथे फिरतात तिथलं बेअरिंग. तुमचं रोजचं अठरा किलोमीटर धरलं आणि आठवड्याला पाच दिवस, तर वर्षाला साडेचार हजार किलोमीटरच्या घरात जातं. एवढ्या चालीत सायकल टिकते किंवा बसते ती याच न दिसणाऱ्या भागांवर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण अनेक जाणकार इथेच नव्या माणसाचा उत्साह मारतात. रोजच्या कामासाठी माउंटन सायकल निवडलीत यात काहीही चूक नाही. रुंद टायर, दणकट रिम, चढावर हलका गिअर, रुंद हँडल आणि पाठ फारशी न वाकवता बसता येणं, हे सगळं उखडलेल्या रस्त्यावर उपयोगी पडतं. रेसिंग सायकलचे बारीक टायर अशा रस्त्यावर सांभाळत न्यावे लागतात, आणि कामाला उशीर झालेला माणूस काही सांभाळत नाही. गंमत म्हणजे माउंटन सायकलचा जन्मच सस्पेन्शनशिवाय झाला. १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही हौशी मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावायची. त्या शर्यतीचं नाव ‘रीपॅक’. उतारावर हबच्या आतच असलेला मागचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं, म्हणून ते नाव. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या स्टंपजम्पर या माउंटन सायकललाही साधाच चिमटा होता आणि गिअर १५. सस्पेन्शनचे चिमटे प्रचारात आले ते नव्वदचं दशक सुरू होताना. तेव्हा साधा चिमटा पाहून ‘ही काय माउंटन सायकल’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

आता स्वस्त सस्पेन्शनच्या आत काय असतं ते सांगतो. असे चिमटे मी शेकड्याने उघडले आहेत. एका पायात पोलादी स्प्रिंग, कधी तिच्यासोबत रबराचा ठोकळा. दुसरा पाय बहुतेक वेळा रिकामा. चांगल्या चिमट्यात स्प्रिंगइतकंच महत्त्व असतं डॅम्पिंगला. दाबलेली स्प्रिंग किती जोरात परत उसळावी यावर तेलाच्या साहाय्याने घातलेला लगाम म्हणजे डॅम्पिंग. स्वस्त चिमट्यात हा लगाम नसतो. असतं ते फक्त प्लॅस्टिकच्या बुशांचं, म्हणजे सरकत्या नळीभोवतीच्या कड्यांचं, घर्षण. त्यामुळे होतं असं की रस्त्यावरच्या बारीक खडबडीला, जिथे हाताला खरा आराम हवा असतो, तिथे घर्षणामुळे चिमटा हलतच नाही. मोठा खड्डा आला की मात्र तळापर्यंत दबून ठोकर देतो आणि लगेच उसळी मारतो. चढावर उभं राहून पेडल मारायला लागलात की तुमच्या प्रत्येक जोरातला काही भाग स्प्रिंग दाबण्यात जातो. आणि असा चिमटा दोन ते अडीच किलो वजनाचा; साधा पोलादी चिमटा एक-सव्वा किलोत होतो.

पावसाळी हवेत रोज चालवली की याहून वाईट होतं. स्वस्त चिमट्याचे सील नुसते धूळ अडवण्यापुरते असतात. पाणी आत जातं, स्प्रिंग गंजते, बुश झिजतात. वर्षा-दीड वर्षात एक तर चिमटा जाम होतो, नाही तर पुढचा ब्रेक दाबला की ‘टक’ असा आवाज येऊन पुढचं चाक किंचित मागे सरकल्याचं जाणवतं. पहिल्या प्रकारात तुमच्याकडे एक जड साधा चिमटा उरतो. दुसऱ्या प्रकारात तो बदलावाच लागतो, कारण त्याचे सुटे भाग सहसा मिळत नाहीत.

मागच्या शॉकबद्दल माझं मत आणखी कडक आहे. मी स्वतः कामाला जायला घेतलेली पहिली सायकल पुढे-मागे सस्पेन्शनवाली होती. दुकानात सीटवर बसलो, ती खाली-वर झाली आणि मी हरखून गेलो. आठ महिन्यांत मागच्या सांध्याचे बुश इतके सैल झाले की वळणावर मागचं चाक एकीकडे आणि मी दुसरीकडे अशी भावना यायची. चढावर तर पाय मारावा आणि सायकल नुसती जागच्या जागी वर-खाली व्हावी. कॅरिअर बसवायला जागा नव्हती, म्हणून बॅग पाठीवर आणि पाठ रोज घामाने भिजलेली. चांगलं मागचं सस्पेन्शन असतंच; पण ते ज्या किमतीला मिळतं ती तुमच्या बजेटच्या कितीतरी पलीकडची आहे. त्या खालच्या किमतीत मिळणारा मागचा शॉक शोभेचा आहे आणि त्याची देखभाल मात्र खरी आहे. अशा बऱ्याच सायकलींच्या चोपडीत किंवा फ्रेमवरच्या स्टिकरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही सायकल कच्च्या, डोंगरी वाटेवर किंवा उड्या मारायला वापरू नये. दुकानात ते स्टिकर शोधून वाचा.

एखाद्या सायकलीचं बाकी सगळं चांगलं आहे आणि पुढे सस्पेन्शन आहे, म्हणून ती सोडा असं मी म्हणणार नाही. अशा वेळी लॉकआउट आहे का ते पाहा, म्हणजे चढावर आणि गुळगुळीत रस्त्यावर चिमटा बंद करून ठेवता येतो. पुढे कधी साधा चिमटा बसवायचा झाला, तर तो जुन्याच्या लांबीच्या आसपासचा हवा. आखूड बसवलात तर सायकलचं नाक खाली जातं, हँडल उतावीळ होतं आणि पेडल रस्त्याला घासायला लागतं.

मग उखडलेल्या रस्त्यावर आराम कुठून येणार? टायरमधून. सायकलच्या खरेदीत सगळ्यात कमी चर्चा टायरची होते, म्हणून इथे जरा थांबतो. दोन इंच रुंदीच्या टायरमध्ये योग्य हवा असेल तर तो स्वतःच एक उत्तम सस्पेन्शन आहे: वजन जवळजवळ नाही, देखभाल नाही, आणि बारीक खडबडीला तो लगेच दबतो. गडबड होते ती हवेच्या बाबतीत. लोक एक तर टायर दगडासारखा टणक करतात, नाही तर महिनोन् महिने हवाच पाहत नाहीत. तुमचं वजन सत्तर किलोच्या आसपास असेल आणि टायर दोन इंची असेल तर पुढे ३५ आणि मागे ४० ते ४५ पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) इथून सुरुवात करा. मग आठवडाभर दोन-दोन पीएसआय कमी-जास्त करत तुमचा आकडा शोधा. हवा कमी पडली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. तसं पंक्चर दिसलं की खिळा शोधत बसू नका, हवा वाढवा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायलाच हवी असा त्याचा अर्थ नाही. आणि प्रेशर दाखवणारा उभा पंप घरी असू द्या. रोजच्या सायकलस्वाराला त्याच्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

माउंटन सायकलला दुकानात बसवलेले टायर खोल गोट्यांचे असतात. चिखलात त्या गोट्या रुततात म्हणून पकड मिळते. डांबरावर त्या नुसत्या वाकतात, त्यात जोर वाया जातो आणि तो घूं-घूं आवाज येतो. ओल्या डांबरावर वळताना तर गोट्यांचे टायर मला गुळगुळीत टायरपेक्षा कमी भरवशाचे वाटतात, कारण रस्त्याला टेकणारं रबर कमी असतं. सायकलला पाण्यावर तरंगून घसरायची भीती नसते, तिचा वेग तेवढा नसतोच. म्हणून मोटारीसारख्या खोल खाचा तिला लागत नाहीत. तुमच्या रस्त्याला मधोमध सपाट पट्टा आणि कडेला बारीक नक्षी असलेले, पावणेदोन ते दोन इंची टायर योग्य. दुकानदाराला घेतानाच बदलून द्यायला सांगा. न वापरलेले टायर तो बहुधा परत घेतो आणि फरकाचे पैसे मागतो. तेवढ्या बदलाने त्याच सायकलवर तोच चढ निराळा वाटेल.

टायर घेताना इंचांवर विसंबू नका, बाजूवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा पाहा. २६ इंची माउंटन चाकाच्या रिमचं माप ५५९, साडेसत्तावीसचं ५८४ आणि २९ इंचीचं ६२२. हेच ६२२ माप ७०० सी म्हणवणाऱ्या शहरी आणि रेसिंग सायकलींनाही असतं. म्हणजे २९ इंची चाक घेतलंत तर टायर निवडायला भरपूर वाव मिळतो, फक्त तुमच्या रिमच्या रुंदीला तो झेपला पाहिजे. बुटक्या माणसाला मात्र २९ इंची चाक अवघड जातं. वळताना बुटाचं टोक मडगार्डला लागू शकतं. २६ इंची चाकाला जुनाट म्हणून हिणवतात, पण लहान चाक आऱ्यांच्या दृष्टीने दणकट असतं. या तिन्हींतल्या फरकासाठी मी तरी झोप घालवणार नाही.

आता चाकाच्या मध्याकडे या. मागचा हब दोन प्रकारचा असतो. एकात गिअरच्या चकत्यांचा अख्खा गठ्ठा, म्हणजे फ्रीव्हील, हबवर आट्यांनी बसवलेला असतो. दुसऱ्यात चकत्या कॅसेट म्हणून सरकवून बसवतात आणि सुटं फिरणारी यंत्रणा हबचाच भाग असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण फरक मोठा आहे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे गठ्ठ्याच्या आतल्या अंगाला राहतात. त्यामुळे छर्ऱ्यांपासून फ्रेमपर्यंतचा एक्सलचा तुकडा आधाराशिवाय उरतो, आणि सात चकत्यांच्या गठ्ठ्यात तो चांगला लांब होतो. तुमचं वजन, बॅग, खड्डा आणि चेनची ओढ, सगळं त्या दहा मिलिमीटर जाडीच्या कांडीवर येतं. तो आधी वाकतो आणि मग तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे जवळजवळ फ्रेमपाशी असतात, म्हणून एक्सल वाकण्याची तक्रार क्वचितच येते.

माझ्या त्या पहिल्या सायकलचा शेवट असाच झाला. सकाळी चढ चढताना मागून ‘कट’ असा आवाज आला आणि चाक फ्रेमला घासायला लागलं. एक्सल मधून तुटला होता आणि चाक फक्त नटांमुळे जागेवर टिकलं होतं. उरलेले चार किलोमीटर मी सायकल मागून उचलून धरत चालत गेलो. तुमच्या पाठीवर जड बॅग आहे, रस्ता उखडलेला आहे, वाटेत लांब चढ आहे. म्हणजे एक्सल तुटायची सगळी कारणं तुमच्याकडे हजर आहेत. म्हणून या मुद्द्यावर मी इतका अडून बसतोय.

दुकानात ओळखायचं कसं? मागच्या चकत्यांच्या मध्ये, एक्सलच्या भोवती, पाना बसवायच्या खाचा दिसतात. चकत्या हाताने उलट्या फिरवा. त्या खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. खाचा जागेवर राहिल्या आणि फक्त चकत्या फिरल्या तर फ्रीव्हील. सात चकत्या असतील तर बहुतेक वेळा फ्रीव्हीलच निघतं. आठ असतील तर दोन्ही शक्य आहे, म्हणून तुमच्या त्या दुसऱ्या सायकलवर हा प्रयोग करूनच या. ती फ्रीव्हीलवाली निघाली तरी पहिलीपेक्षा बरीच, कारण कमी वजन आणि कमी सांधे आहेत. पण मग मागच्या टायरची हवा कधीच कमी पडू देऊ नका आणि खड्ड्यावरून जाताना सीटवरून किंचित उठत जा.

ब्रेकच्या बाबतीत तुमची शंका रास्त आहे. ओल्या रिमवर व्ही-ब्रेक पहिल्या क्षणी नीट धरत नाही. आधी पाणी पुसलं जातं, मग पकड येते. डिस्कला हा त्रास कमी. शिवाय चाक जरा आऊट झालं, म्हणजे फिरताना डुलायला लागलं, तरी डिस्क ब्रेकला फरक पडत नाही. पण अगदी स्वस्त केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतं, दुसरं जागेवर स्थिर असतं. पॅड झिजत जाईल तसं स्क्रू फिरवून दोन्ही बाजू जुळवाव्या लागतात. हे न केल्यामुळे ब्रेक असूनही न लागणाऱ्या सायकली माझ्याकडे दर आठवड्याला येतात. चेनला तेलाचा फवारा मारताना डिस्कवर उडाला तर पॅड बहुधा टाकूनच द्यावे लागतात. याउलट व्ही-ब्रेकचे शू कुठेही मिळतात, झिजले आहेत हे उभ्या उभ्या दिसतं आणि बदलायला एक अ‍ॅलन की पुरते. चांगल्या रबराचे शू घाला, रिम आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा आणि पावसात ब्रेक थोडा आधी, हलकासा टेकवून रिम कोरडी करत जा. तुमच्या वाटेवर लांब, तीव्र उतार असता आणि तोही बारमाही ओला, तर मी हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक असलेल्या साध्या चिमट्याच्या सायकलसाठी पैसे साठवा असं सांगितलं असतं. नऊ किलोमीटरच्या शहरी वाटेला चांगले व्ही-ब्रेक पुरतात.

२१ गिअरच्या आकड्याला भुलू नका. पुढे ४२, ३४ आणि २४ दातांची तीन चक्रं आणि मागे १४ ते २८ दातांच्या सात चकत्या, ही स्वस्त २१ गिअरची नेहमीची मांडणी. सगळ्यात जड गिअर ४२ भागिले १४ म्हणजे ३. साडेसत्तावीस इंची चाकाचा परीघ धरा सव्वादोन मीटरला थोडा कमी, २.१५. मिनिटाला ७० वेळा पाय फिरवलात तर ताशी २७ किलोमीटर. आता पुढे एकच ३६ दातांचं चक्र आणि मागे ११ ते ३४ दातांच्या आठ चकत्या असतील तर सगळ्यात जड गिअरला त्याच लयीत ताशी साडेएकोणतीस होतात, आणि सगळ्यात हलक्या गिअरला मिनिटाला ६० फेऱ्यांत ताशी ८. म्हणजे चढही निघतो आणि सपाटीवर वेगही मिळतो. २१ मधले बरेच गिअर एकमेकांची नक्कल असतात आणि काही जोड्या चेन तिरकी होते म्हणून वापरूच नयेत अशा. एक गोष्ट खरी आहे की २४-२८ ही जोडी आठ गिअरच्या सायकलपेक्षा हलकी आहे. तुमचा चढ तुम्हाला धापा टाकायला लावत असेल, तर दुसऱ्या सायकलच्या मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजा. ते ३२ किंवा ३४ असतील तर काळजी नाही. डिरेलर शिमानो कंपनीचा, टूर्नी या अगदी सुरुवातीच्या दर्जाचा असेल तरी नीट जुळवला तर वर्षानुवर्षं चालतो. त्याच्या वरचा अल्टस किंवा असेरा मिळाला तर बरंच. पण मागच्या डिरेलरवरच्या नावासाठी हबशी तडजोड करू नका. दुकानात समोर दिसावा म्हणून तो एकच भाग चांगला बसवलेला असतो.

फिटिंगचं एवढंच सांगतो की हा मुद्दा वरच्या सगळ्यांवर मात करतो. माप चुकलेली उत्तम सायकल घरी धूळ खात पडते. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टेकून उभे राहा. मधल्या दांडीपासून अंगापर्यंत दोन-तीन बोटं तरी मोकळी हवीत. सीट लावताना टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली आलं की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना तो आपोआप किंचित वाकलेला राहतो. नवीन लोक दोन्ही पाय पूर्ण जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि महिन्याभरात गुडघे दुखले की सायकललाच दोष देतात. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय करा, दोन दिवसांत जमते. तुम्ही दोन मापांच्या मध्ये येत असाल तर जिच्यावर हँडल धरताना कोपर सैल राहतं ती घ्या. बहुधा ती लहान निघते. माउंटन सायकलचं हँडल गर्दीच्या रस्त्याला फार रुंद असतं. दोन्हीकडून दोन-दोन सेंटिमीटर कापून घ्यायला हरकत नाही, फक्त आधी ग्रिप आणि लीव्हर आत सरकवून आठवडाभर चालवून पाहा.

फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअर लावायची भोकं आहेत का, हे बसून पाहा: मागच्या चाकाच्या एक्सलजवळ, सीटखालच्या दोन नळ्यांवर आणि चिमट्याच्या टोकांना. ही भोकं नसली तर क्लॅम्प लावून कामचलाऊ जुगाड होतं, पण ते खडखडतं. अंगाला आणि चेनला चिखलापासून वाचवायला चाकभर लांबीचे मडगार्डच हवेत. सीटखाली अडकवायची छोटी पट्टी पाठ तेवढी वाचवते. आणि लॅपटॉपची बॅग कॅरिअरवर बाजूच्या झोळीत घाला. पाठ मोकळी झाली की त्याच चढावर निम्मा त्रास कमी झाल्यासारखा वाटतो. डिस्कची सायकल घेतलीत तर कॅलिपर कॅरिअरच्या दांडीच्या आड येतो का तेही तपासा.

म्हणूनच बजेटचा पाचवा हिस्सा सायकलवर खर्च करूच नका. त्यात मडगार्ड, कॅरिअर, पुढचा-मागचा दिवा, चांगलं कुलूप, पंप, एक जादा ट्यूब आणि हेल्मेट येतं. दुकानदार या वस्तू शेवटी दाखवतो आणि तोवर खिसा रिकामा झालेला असतो.

जुनी सायकल घ्यायचा विचार असेल तर चांगलाच आहे. या बजेटमध्ये काही वर्षांपूर्वीची, साधा चिमटा आणि कॅसेटचा हब असलेली सायकल नव्यापेक्षा सरस निघू शकते. हँडलखालच्या नळीच्या जोडांवर रंगात केसासारखी भेग दिसली तर तिथूनच परत फिरा. क्रँक धरून आडवी हलवा, चाकं धरून आडवी हलवा. खडखड आली तर त्या दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा करून बोला. फ्रेमखालचा सीरियल नंबर घासून काढलेला असेल तर ती चोरीची असू शकते, घेऊ नका.

नवी घेतलीत तर शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती कोण जोडतंय. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घाईत ते तिरके बसवले तर क्रँकचे आटे जातात आणि पेडल रस्त्यात गळून पडतं. चिमटा उलटा बसवलेल्या नव्या सायकलीही मी पाहिल्या आहेत. डावा-उजवा दोन्ही ब्रेक ओढून पाहा, दोन्ही चाकं हवेत फिरवून आऊट आहेत का पाहा, हँडल पुढच्या चाकाला काटकोनात आहे का पाहा. घरी नेण्याआधी चढावर एक फेरी मारून या.

मग पहिल्या दोनशे किलोमीटरांनंतर, म्हणजे तुमच्या हिशोबाने दोन-सव्वादोन आठवड्यांनी, ती सायकल परत मेकॅनिककडे न्या. नवे आरे तोवर बसून जरा सैल झालेले असतात, केबल ताणलेल्या असतात. तेव्हाच आऊट काढून आरे नीट ताणून घेतले तर ते चाक वर्षानुवर्षं टिकतं. तसंच दामटवलं तर मागच्या चाकाचे आरे एकामागून एक तुटायला लागतात. त्याच वेळी क्रँकचे बोल्ट घट्ट करून घ्या. डावी क्रँक थोडीशी हलते म्हणून दुर्लक्ष केलं की तिचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग ती कितीही आवळली तरी धरत नाही. चेन आठवड्याला फडक्याने पुसून थेंब थेंब तेल घाला आणि जादाचं पुसून काढा. दर हजारेक किलोमीटरांनी तिच्यावर पट्टी धरा: नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०६.५ च्या आसपास गेली की लगेच बदला, म्हणजे मागच्या चकत्या झिजणार नाहीत आणि प्रत्येक वेळी दोन्ही बदलायचा खर्च वाचेल.